पोत्यावर लिटर, बॉयलरमध्ये किलो: सल्फॅमिक डिस्केलिंग पावडरचे परीक्षण

परीक्षणासाठी घेतलेली वस्तू म्हणजे बॉयलरमधील क्षारांचा थर काढण्यासाठी विकली जाणारी सल्फॅमिक आम्लाची पावडर. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या २५ किलोच्या पोत्यात ती येते. तिचे स्फटिक पांढरे असतात आणि त्यांत लोखंडाला आम्लापासून जपणारा इन्हिबिटर व रंग बदलणारा दर्शक आधीच मिसळलेला असतो. अशा पावडरी अनेक उत्पादक बनवतात आणि त्यांच्या पोत्यांवरच्या सूचनाही थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. त्यामुळे मी वापरलेल्या पोत्यावरचे नाव इथे देण्यात फारसा अर्थ नाही. पावडर काय करते, काय करत नाही आणि पोत्यावर कोणती गोष्ट लिहायची राहून जाते, एवढेच मी सांगणार आहे.

ज्या बॉयलरवर ही पावडर वापरली, तो कपडे धुण्याच्या व इस्त्रीच्या एका कारखान्यातील लहान, आडवा स्मोक-ट्यूब बॉयलर (नळ्यांतून गरम धूर, बाहेर पाणी) होता. तापपृष्ठ, म्हणजे पाण्याला उष्णता देणारा पृष्ठभाग, सुमारे ४ चौरस मीटर आणि कामाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधील रेझिनचे दाणे निकामी झाल्यावर ते बदलायचे राहून गेले होते आणि पुढची काही वर्षे जमिनीतले जड, क्षारयुक्त पाणी तसेच्या तसे बॉयलरमध्ये जात राहिले होते. तळाचा गाळ बाहेर सोडणारा ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह कोणी नियमाने उघडत नव्हते. वाफ तयार व्हायला सव्वा तास लागू लागला आणि धुराड्यातील तापमान २८० अंश सेल्सिअसवर गेले, तेव्हा कुठे हँडहोल (आत हात घालण्याचे झाकणबंद भोक) उघडण्याचे ठरले. आत हात घालून वरच्या नळीवरून बोट फिरवले, तर नळीचा गोलवा लागतच नव्हता. खडबडीत, चुनखडीसारखा थर बोटाला लागला आणि नखाने त्याचा एक कपचा निघाला. जाडी सरासरी २ मिलिमीटर भरली.

दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते. परंतु लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहून नेतो, त्यामुळे आगीची उष्णता पाण्यात न उतरता धुराड्यावाटे निघून जाते आणि नळीचा धातू स्वतःच गरजेपेक्षा जास्त तापतो. इंधनाची नासाडी हा त्यातला सौम्य परिणाम आहे. अतितापून नळी फुगणे किंवा फाटणे हा खरा धोका. स्मोक-ट्यूब बॉयलरमध्ये पाणी नळ्यांच्या बाहेर असते आणि थरही बाहेरच बसतो. त्यामुळे नळ्यांच्या गर्दीत छिन्नी-हातोडी किंवा ब्रश पोहोचतच नाही आणि रसायनाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

सल्फॅमिक आम्ल निवडण्याचे कारण सांगतो. हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त आणि वेगवान असते, आणि मोठे डिस्केलिंग करणारे बरेचसे लोक इन्हिबिटर घालून तेच वापरतात. पण त्याचे कॅन हाताळावे लागतात, त्याची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते, आणि त्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलच्या भागांना खड्डे व तडे पडण्याची भीती असते. आमच्या फीड टाकीची (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीची) आतली कॉइल स्टेनलेस स्टीलची होती. सायट्रिक आम्ल सौम्य असले तरी संथ असते आणि त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात नीट विरघळत नसल्याने पुन्हा गाळ होऊन बसते. सल्फ्युरिक आम्लाचा तर विचारच नको, कारण ते थरातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे रूपांतर जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) आणखी हट्टी थरात करते. या तिघांच्या तुलनेत सल्फॅमिक आम्लाचा फायदा असा की ते घन स्वरूपात मिळते, त्याला झोंबणारी वाफ नसते आणि त्यापासून होणारा कॅल्शियम सल्फामेट हा क्षार पाण्यात सहज विरघळतो.

आता पोत्यावरच्या मजकुराकडे वळतो, कारण या वस्तूविषयीची माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. मात्रा अशी दिलेली होती: दर १०० लिटर पाण्यात १० किलो पावडर, चार ते सहा तास फिरवणे, बुडबुडे थांबले की काम पूर्ण झाले असे समजणे. आमचा बॉयलर व द्रावण पंपाने फिरवण्यासाठी बाहेर ठेवलेला ड्रम मिळून २०० लिटर पाणी होते, म्हणजे २० किलो पावडर. हा हिशेब पाण्याचा आहे. आम्लाला मात्र पाण्याशी काही देणेघेणे नसते. ते थराशी लढते आणि जितका थर विरघळवते तितके खर्च होते. रसायनशास्त्राच्या साध्या गणिताप्रमाणे १ किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळवण्यासाठी १.९४ किलो शुद्ध सल्फॅमिक आम्ल लागते, आणि पावडरीत इतर घटकही असल्यामुळे व्यवहारात दोन ते सव्वादोन किलो धरावे लागते. आमच्या बॉयलरमध्ये ४ चौरस मीटरवर २ मिलिमीटर म्हणजे ८ लिटर आकारमानाचा थर होता, आणि तो सच्छिद्र धरला तरी त्याचे वजन १८ किलोच्या आसपास भरत होते. त्याला निदान ३५ किलो आम्ल हवे. पोत्याच्या मापाने टाकलेली २० किलो पावडर जेमतेम ९ ते १० किलो थर विरघळवून संपणार, हे पोते उघडण्यापूर्वीच कागदावर दिसत होते. पातळ थराच्या, वेळेवर देखभाल होणाऱ्या बॉयलरसाठी पोत्यावरची मात्रा पुरेशी आहे. दुर्लक्षित बॉयलरसाठी ती अर्धी आहे, आणि अशी पावडर विकत घेण्याची वेळ बहुधा दुर्लक्षित बॉयलरवरच येते.

काम सुरू करण्यापूर्वी सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि पितळी कॉक उतरवून ठेवले, मुख्य स्टीम व्हॉल्व्ह बंद करून पुढची लाइन तोडली आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागेवरून वायू बाहेर जाण्यासाठी मोठा होज खिडकीबाहेर काढला. नुसते पाणी बर्नरने ५० अंशांपर्यंत तापवून घेतले, बर्नर बंद करून त्याची वीज तोडली, आणि मगच आम्लाचे काम हाती घेतले. हे तापमान महत्त्वाचे आहे. थंड पाण्यात पावडर फार हळू काम करते, तर ६० अंशांच्या वर सल्फॅमिक आम्लाचे विघटन होऊन सल्फेट तयार होऊ लागते आणि तेच पुढे कॅल्शियमला धरून नवा थर बनवू शकते. पोत्यावर ‘कोमट पाण्यात वापरावे’ एवढेच छापलेले होते. कोमट म्हणजे किती, हे विकत घेणाऱ्याने ओळखावे अशी अपेक्षा दिसते.

पहिली चूक माझीच झाली. पावडर थोडी थोडी टाकायची, हे ठाऊक असूनही पहिले ५ किलो एकदम ड्रममध्ये विरघळवले आणि पंप सुरू केला. दोनच मिनिटांत बॉयलरच्या आतून खदखदल्यासारखा आवाज येऊ लागला. वर उभे असलेले जुने बॉयलर ऑपरेटर काका ओरडले, “साहेब, पंप बंद करा, होजमधून फेस उतू चाललाय!” पंप थांबवेपर्यंत तांबूस फेसाचा एक लोट खिडकीखालच्या फरशीवर पसरला होता, आणि तिथून पाच-सहा पावलांवर कपडे धुण्याच्या ब्लीचचे कॅन ठेवलेले होते. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. ते कॅन आदल्या दिवशीच दुसऱ्या खोलीत हलवायला हवे होते. त्यानंतर मी दर वेळी दोन किलोच टाकले आणि फेस बसल्याखेरीज पुढचे टाकले नाही.

फेसाचे कारण म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १ किलो कार्बोनेट विरघळले की खोलीच्या तापमानाला सुमारे २४० लिटर वायू सुटतो. १८ किलोंचा हिशेब केला तर चार हजार लिटरांहून अधिक. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरातल्या किंवा खड्ड्यातल्या बॉयलर-रूममध्ये तो जमिनीलगत साचतो आणि तिथे वाकून काम करणाऱ्याचा जीव गुदमरू शकतो. शिवाय आम्ल उघड्या लोखंडाशी जेवढे थोडेफार लागते तेवढा हायड्रोजनही सुटतो, म्हणून जवळपास ज्योत, वेल्डिंग किंवा विडी-सिगारेट चालत नाही. पोत्यावर हातमोजे व चष्म्याची चित्रे होती, पण वायूविषयी एक अक्षरही नव्हते, आणि ही उणीव मला मात्रेच्या उणिवेइतकीच गंभीर वाटते.

रंगदर्शकाची जाहिरात मोठ्या अक्षरांत होती: द्रावण लाल असेपर्यंत आम्ल जिवंत, पिवळे झाले की संपले. स्वच्छ काचेच्या ग्लासात हे अगदी खरे ठरले. बॉयलरमध्ये मात्र पहिल्या तासाभरातच गंज विरघळून सगळे पाणी काळपट चहासारखे झाले आणि त्यात लाल-पिवळे ओळखणे अशक्य झाले. जुन्या, गंजलेल्या बॉयलरसाठी हा दर्शक शोभेचाच आहे. पीएचच्या (आम्लता दाखवणाऱ्या; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साध्या कागदी पट्ट्यांनी मात्र शेवटपर्यंत विश्वासू काम केले.

अडीच तासांनी बुडबुडे थांबले. पोत्याच्या शब्दांवर विसंबलो असतो, तर इथेच ‘काम पूर्ण’ म्हणून आम्ल सोडून दिले असते. पट्टी लावली तर पीएच ४ निघाला, म्हणजे थर संपलेला नव्हता, आम्ल संपलेले होते. बुडबुडे थांबण्याची ही दोन कारणे अगदी उलट आहेत आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. खात्रीसाठी आणखी पाव किलो पावडर पाण्यात विरघळवून टाकली, तर होजमध्ये लगेच पुन्हा खळखळ सुरू झाली. ते द्रावण वेगळ्या टाकीत काढून घेतले, बॉयलर पाण्याने धुतला आणि दुसरे पोते फोडून १८ किलोंची दुसरी फेरी लावली. या पोत्याचे आतले अस्तर एका बाजूने फाटलेले होते आणि तेवढ्या भागात पावडरीचे ढेकूळ झाले होते. ते फोडायला वेळ गेला, पण कामात फरक जाणवला नाही.

दुसऱ्या फेरीत चार तासांनी बुडबुडे थांबले तेव्हा पीएच २ च्या खालीच होता. आम्ल शिल्लक आणि बुडबुडे मात्र नाहीत, म्हणजे आम्लाला विरघळेल असे आत आता काही उरले नव्हते. द्रावण काढून, धुऊन, धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने आम्ल मारून हँडहोल उघडले. वरच्या नळ्या खरोखरच लख्ख झाल्या होत्या. काळसर करडे लोखंड दिसत होते आणि नळीचा गोलवा पुन्हा हाताला लागत होता. पण आगीच्या सर्वांत जवळ असलेल्या फर्नेसच्या माथ्यावर आणि खालच्या ओळीतल्या नळ्यांवर करड्या रंगाचा, काचेसारखा कडक पापुद्रा जसाच्या तसा होता. इतक्या आम्लातूनही त्याची धार बोथट झालेली नव्हती.

इथे दोष पावडरीचा कमी आणि माझा जास्त होता. आधी चाचणी केली होती ती वरच्या मऊ थराच्या कपच्याची, आणि तो ग्लासात टाकताच सोडावॉटरसारखा फसफसला होता. तळचा कडक तुकडा तपासायचे सुचले नाही. आता तो तपासला: आम्लात टाकला तर मुकाट पडून राहिला. मग त्याचे बारीक तुकडे सोड्याच्या दाट द्रावणात रात्रभर उकळत ठेवले, सकाळी चांगले धुतले (धुतले नाहीत तर चिकटलेला सोडाच फसफसतो आणि फसगत होते), आणि पुन्हा आम्लात टाकले. या वेळी बुडबुडे आले. म्हणजे हा थर कॅल्शियम सल्फेटचा होता. सल्फेटची विद्राव्यता गरम पाण्यात वाढण्याऐवजी कमी होते, म्हणून ते सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर जाऊन बसते, आणि सल्फॅमिक किंवा हायड्रोक्लोरिक, कोणतेही आम्ल त्याला फारसे हलवू शकत नाही. सोड्यात उकळल्यावर मात्र सल्फेटचे कार्बोनेट होते आणि मग आम्लाचे काम सुरू होते. दोन्ही चाचण्यांत तुकडा तसाच राहिला असता, तर तो सिलिकाचा म्हणावा लागला असता. त्यावर चालणारी फ्लोराइडयुक्त रसायने इतकी घातक असतात की ते काम प्रशिक्षित माणसांकडेच सोपवावे.

पोत्यावर ‘सर्व प्रकारचे स्केल १०० टक्के विरघळते’ असे छापले होते. हे विधान सरळ खोटे आहे.

मग २०० लिटर पाण्यात १० किलो धुण्याचा सोडा टाकून बॉयलर अगदी कमी दाबावर चोवीस तास चालवला, थंड केला, धुतला आणि ८ किलो पावडरीची तिसरी फेरी दिली. कडक पापुद्र्यातला बराचसा भाग विरघळला. उरलेला विरघळण्याऐवजी आधार सुटल्यामुळे खपल्यांच्या रूपाने तळाशी पडला आणि त्याने ब्लोडाउनचा पाइप पार बुजवला. तो पाइप उतरवून लोखंडी सळईने मोकळा करावा लागला, आणि खालच्या हँडहोलमधून हाताने दोन बादल्या भरून खपल्या बाहेर काढल्या. पावडर थर सैल करते, पण पडलेला गाळ उचलून नेत नाही. आम्लानंतर हँडहोल न उघडता बॉयलर पुन्हा पेटवला, तर ह्याच खपल्या तापलेल्या पृष्ठभागावर ढीग होऊन बसतात आणि त्या ठिकाणी धातू जळतो.

सर्वांत जास्त धक्का गेज ग्लासच्या खालच्या जोडणीने दिला. तिच्या भोकात पेन्सिलीच्या शिशाएवढीच वाट उरलेली होती. अशा काचेत दिसणारी पाण्याची पातळी खरी की खोटी हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या काचेवर विश्वासून हा बॉयलर किती महिने चालला असेल या विचाराने आजही अंगावर काटा येतो. फिरणारे आम्ल या बारीक जोडणीपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून ती वेगळी उतरवून, पावडरीच्या द्रावणात बुडवून आणि तारेने साफ केली.

इन्हिबिटरबद्दल मात्र समाधान आहे. जुन्या नळीची एक पट्टी घासून, वजन करून पहिल्या दोन फेऱ्यांत ड्रममध्ये टांगून ठेवली होती. बाहेर काढल्यावर तिची चमक गेली होती, पण कडा तीक्ष्ण होत्या आणि माझ्याकडच्या काट्यावर वजनात फरक दिसला नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या एका जुन्या कपलिंगचा मुलामा मात्र पहिल्या फेरीतच उतरला. पोत्यावर गॅल्व्हनाइज्ड भागांविषयी इशारा होता आणि तो मी वाचला नव्हता. इथे उत्पादकाला बोल लावता येत नाही.

शेवटी कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १०.५ किलोची पाण्याची दाब-चाचणी घेतली, तर मागच्या ट्यूबप्लेटवर (नळ्यांची टोके जिच्यात बसवलेली असतात त्या जाड पत्र्यावर) दोन नळ्यांची तोंडे पाझरू लागली. आम्लाने नळ्या खाल्ल्या असा संशय आधी आला, पण दोन्ही ठिकाणचा सांधा जुनाच सैल होता आणि क्षारांच्या थराने तो इतके दिवस बुजवून ठेवला होता. ट्यूब एक्स्पांडरने दोन्ही तोंडे पुन्हा फुगवल्यावर पाझर थांबला. जुन्या बॉयलरचे डिस्केलिंग करणाऱ्याने या खर्चाची आणि वेळेची तरतूद आधीच करून ठेवावी. बॉयलर सरकारी तपासणीखाली येत असेल, तर अशा दुरुस्तीपूर्वी निरीक्षकाला कळवणेही आवश्यक असते.

परिणाम मोजायचा तर तुलना चोख हवी. नळ्यांच्या आतली काजळी डिस्केलिंगच्या आधीच झाडून तापमान नोंदवले होते, त्यामुळे पुढे दिसलेला फरक थर निघाल्याचाच होता. त्याच भाराला धुराड्यातील तापमान २८० वरून २२५ अंशांवर आले, आणि वाफ तयार व्हायला सव्वा तासाऐवजी पाऊण तास लागू लागला. धुराड्याचे तापमान साधारण २० ते २२ अंशांनी उतरले की इंधनात एक टक्का बचत, हा बॉयलरवाल्यांचा ठोकताळा लावला तर ही बचत अडीच टक्क्यांच्या घरात जाते.

वापरलेले द्रावण गटारात सोडले नाही. सोड्याने त्याचा पीएच ७ ते ८ वर आणून, गाळ बसू देऊन, ते सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत दिले. एवढ्या कामाला सोड्याचे आणखी एक पोते लागले, आणि पावडरीच्या खर्चात हा हिशेब कोणीही धरत नाही.

पाच गुणांपैकी पावडरीला मी चार देईन आणि पोत्यावरच्या मजकुराला एक. कार्बोनेटचा थर असेल, बॉयलर उघडून पाहण्याची तयारी असेल आणि हाताशी पीएच पट्ट्या असतील, तर ती बिनदिक्कत घ्यावी. थर तळापासून कडक आणि काचेसारखा असेल, तर आधी सोडा घ्यावा आणि पावडर नंतर. बॉयलर उघडण्याची सोय किंवा अनुभव नसेल, तर पावडर न घेता हे काम जाणकाराकडे द्यावे. सॉफ्टनरचे रेझिन बदलण्याऐवजी दर वर्षी आम्ल फिरवण्याचा बेत करणाऱ्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, कारण इन्हिबिटर कितीही चांगला असला तरी प्रत्येक फेरीत थोडे लोखंड जातेच.

५० किलोंपैकी पावणेचार किलो पावडर उरली आहे. ती झाकणाच्या कोरड्या डब्यात भरून ब्लीचपासून लांब ठेवली आहे, आणि ऑपरेटर काकांनी डब्यावर जाड मार्करने लिहिले आहे: ‘एक किलो थराला सव्वादोन किलो. आधी तळचा तुकडा ग्लासात टाकून बघा.’